काश्मीरचा कूठ आणि त्याचें न पाहिलेलें फूल

मुंबई-पुण्याच्या जुन्या पेठेंतील एखाद्या काष्ठौषधींच्या दुकानांत जाऊन उपलेट मागितलें, तर दुकानदार बरणींतून बोटाएवढ्या जाडीचे, राखट तपकिरी रंगाचे कांहीं तुकडे काढून तागडींत टाकतो. तुकड्यांवर उभ्या वळ्या असतात. मोडूं गेलें तर ते शिंगासारखे कठीण लागतात. आणि नाकाशीं धरले कीं प्रथम एक गोड, मंद, फुलासारखा दरवळ येतो व जरा वेळानें त्याच्यामागून ओल्या लोंकरीची किंवा शेरडांच्या गोठ्याची आठवण करून देणारा उग्र वास जाणवतो. वैद्यमंडळी या वस्तूला कुष्ठ किंवा कोष्ठ म्हणतात, उत्तरेकडे तिला कूठ म्हणतात, आणि गुजराथी व्यापाऱ्यांच्या बोलींतील उपलेट हें नांव आपल्याहि बाजारांत रूढ आहे. तें मूळ आहे एवढें पाहतांच कळतें. परंतु तें कोणत्या झाडाचें मूळ, त्या झाडाला फूल कसलें येतें, असें विचारलें तर शंभरांतील नव्व्याण्णव माणसें गप्प बसतील, आणि दुकानदारहि बहुधा त्यांतच असेल.

यांत त्या दुकानदाराचा दोष नाहीं. निदान अडीच-तीन हजार वर्षें हें मूळ माणसें विकत घेत आलीं आहेत. देवांपुढें जाळीत, तेलांत मुरवीत, औषधांत उगाळीत आलीं आहेत. अथेन्स, रोम, जेरुसलेम, मक्का, कँटन, गोवें, सर्व ठिकाणीं त्याचें नांव पोंचलें. फूल मात्र जेथल्या तेथेंच राहिलें. ज्यांनीं मुळाला सोन्यारुप्यानें मोल दिलें त्यांनीं तें फूल कधीं पाहिलें नाहीं, आणि ज्या डोंगरकरी लोकांनीं तें रोज पाहिलें त्यांच्या पदरांत मोलाचा अगदीं थोडा अंश पडला. मला आज सांगावयाची आहे ती या विसंगतीची गोष्ट.

प्रथम त्या फुलाची ओळख करून घेऊं. कूठ ही शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळांतील वनस्पति. या कुळाची खूण अशी कीं, आपण ज्याला एक फूल म्हणतों तो वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा एका बैठकीवर दाटीनें बसलेला मेळावा असतो. कुळांतल्या कुळांत कुठाचें जवळचें नातें शेवंतीपेक्षां आपल्या माळावरच्या कांटेरी उंटकटारीशीं आहे. काश्मीरच्या खोऱ्याभोंवतालचे उंच उतार, किशनगंगा आणि चिनाब या नद्यांचीं वरचीं खोरीं, हें त्याचें खरें घर. समुद्रसपाटीपासून २,५०० ते ४,००० मीटर उंचीवर, जेथें वर्षांतले पांच-सहा महिने बर्फ हटत नाहीं, तेथें तो उगवतो. जमिनीलगतचीं पानें फार मोठीं असतात. देठासकट एकेक पान हातभर किंवा त्याहूनहि लांब भरतें. मधून माणसाच्या उंचीचा ताठ दांडा वर येतो, आणि जुलै-ऑगस्टांत त्यावर काळपटाकडे झुकणाऱ्या जांभळ्या रंगाचीं गोल बोंडें झुबक्यांनीं फुलतात. हिवाळा आला कीं वरचा सगळा पसारा करपून नाहींसा होतो आणि वनस्पतीचा जीव खालीं मुळांत जाऊन दडतो. कडाक्याच्या थंडींत तग धरण्यासाठीं तिनें जें कांहीं सांठवावयाचें तें तेथेंच सांठविलेलें असतें. तो सुगंधहि तेथलाच. माणसाला हवें होतें तें नेमकें तेंच मूळ. आणि तें काढावयाचें म्हणजे झाड जिवंत ठेवून काढतांच येत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व इतिहास तिच्याभोंवतीं फिरतो.

कुठाचा सर्वांत जुना उल्लेख आपल्याच घरांतला आहे. अथर्ववेदांत कुष्ठाला उद्देशून सूक्तें आहेत. एक पांचव्या कांडांत, एक सहाव्यांत, एक एकोणिसाव्यांत. तक्मन् नांवाच्या रोगाचा नाश करणारा म्हणून त्याला तेथें आवाहन केलें आहे. तक्मन् म्हणजे ज्वर. हुडहुडी भरणारा, एक दिवस सोडून उलटणारा, असें जें त्याचें वर्णन त्या वेदांत अन्यत्र येतें, तें आपल्या हिंवतापाशीं बरेंच जुळतें. कुष्ठ हा सोमाचा सोबती, स्वर्गांत देवांच्या अश्वत्थाखालीं सांपडलेला, सोन्याच्या नावेंतून आणलेला, असा त्याचा गौरव सूक्तकारांनीं केला आहे. परंतु या दैवी वर्णनाच्या मधोमध दोन गोष्टी अगदीं भूमीवरच्या आहेत. एक म्हणजे, हा हिमवंताच्या उत्तरेस जन्मतो आणि तेथून पूर्वेकडील लोकांत नेला जातो, असें तेथें स्वच्छ सांगितलें आहे. दुसरी म्हणजे, त्याची कीर्ति ऐकून लोक धन घेऊन त्याच्याकडे जातात. मला या दुसऱ्या गोष्टीचें फार नवल वाटतें. मंत्र म्हणणारा कवि येथें नकळत बाजाराची भाषा बोलून जातो. पर्वतावर उगवणें, मैदानांत विकलें जाणें, आणि ऐकीव कीर्तीवर गिऱ्हाईक मिळणें: पुढील तीन सहस्र वर्षांचा सारा व्यवहार या वर्णनांत येऊन गेला आहे.

कुष्ठ हें नांव एका भयंकर रोगाचेंहि आहे, आणि औषधाला व रोगाला एकच शब्द असल्यामुळें पुष्कळांचा गोंधळ होतो. अमरकोशानें तर या औषधाच्या पर्यायांत चक्क व्याधि हाच शब्द घातला आहे! त्याच यादींत उत्पल असाहि एक पर्याय आहे; उपलेट या शब्दाशीं त्याचें ध्वनिसाम्य कानाला जाणवल्यावांचून राहत नाहीं. चरकसुश्रुतांच्या ग्रंथांत लेपांत, धूपांत, तेलांत कुष्ठ जागोजाग येतो. त्याची नामावळी येथें देण्याचें कारण नाहीं.

आतां हें मूळ पश्चिमेकडे कसें गेलें तें पाहूं. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर ग्रीकांच्या लिहिण्यांत कोस्टोस हें नांव दिसूं लागतें. थिओफ्रास्टसनें सुगंधी द्रव्यांमध्यें त्याची गणना केली आहे. शब्द उघडच आपला कुष्ठ, फक्त ग्रीक वेषांतला. इ. स. पू. २८८ च्या सुमारास सेल्यूकस राजानें, म्हणजे ज्यानें चंद्रगुप्त मौर्याशीं तह केला त्याच सेल्यूकसनें, आशिया मायनरमधील दिदिमा येथील अपोलोच्या देवळाला जी देणगी पाठविली तिची यादी शिलालेखांत टिकून राहिली आहे. तींत ऊद दहा टॅलंट आहे आणि कोस्टोस केवळ दोन मिना. एका टॅलंटचे साठ मिना होतात. म्हणजे कुठाच्या तीनशें पट ऊद! राजानें हात आंखडला असें यावरून कोणी समजूं नये. राजालासुद्धां जी वस्तु मुठींनींच देतां येत होती, ती किती दुर्मिळ असेल एवढेंच त्यावरून कळतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचें जें वर्णन लिहून ठेवलें, त्या पेरिप्लसमध्यें कुठाची वाट प्रथमच नकाशावर ओढावी इतकी स्पष्ट होते. सिंधूच्या मुखावरील बार्बरिकोन बंदरांतून निर्यात होणाऱ्या मालांत कूठ आहे. आणि दुसरें बंदर म्हणजे नर्मदेवरील बरिगाझा, आपलें भडोच. उत्तरेकडील मुलखांतून जटामांसी, गुग्गुळ यांच्या संगतीनें तो भडोचला येई, असें हा व्यापारी लिहितो. ज्या भडोचला पैठण व तगर येथील माल गाड्यांतून उतरत असे, त्याच धक्क्यावर काश्मीरच्या कुठाच्या गोण्याहि पडत. सातवाहनांच्या काळच्या एखाद्या दक्षिणी वाण्यानें त्या हुंगूनहि पाहिल्या असतील.

रोमन लोक या मुळाला लुब्ध झाले. प्लिनीनें मोठ्या ठसक्यानें लिहिलें आहे कीं, खुद्द हिंदी लोक सर्वांत अधिक मोल देतात तें एका मुळाला आणि एका पानाला. त्यांतलें मूळ म्हणजे कूठ. तो सिंधूच्या मुखावरील पाताल बेटांत मिळतो असें त्यानें सांगितलें. तेथें कूठ उगवणें शक्यच नाहीं. तेथें तो गलबतावर चढत होता. त्याचा समकालीन वैद्य डायोस्कोरिडिस याच्याकडे माहिती अधिक होती आणि म्हणून घोटाळाहि अधिक झाला. त्यानें कुठाचे तीन प्रकार केले: पांढरा व हलका तो अरबी, सर्वांत उत्तम, काळसर तो हिंदी, मध्यम, आणि जड, पिवळट तो सीरियाचा. वस्तुतः झाड एकच, देश एकच. परंतु अरब व्यापाऱ्याकडून आला म्हणून एक अरबी ठरला, दुसरा सीरियाच्या बाजारांत घेतला म्हणून सीरियाचा ठरला. मालावर शेवटच्या दुकानाचा शिक्का बसला आणि पर्वताचें नांव पुसलें गेलें. अशी ही पहिलीच वेळ होती, शेवटची मुळींच नव्हे.

डायोस्कोरिडिसनें आणखी एक सूचना केली आहे. कुठांत भेसळ करतात ती कोमाजिनी प्रांतांतून येणाऱ्या हेलेनिओन नांवाच्या मुळाची, तेव्हां गिऱ्हाइकानें जपावें, असें तो बजावतो. हेलेनिओन ही वनस्पतीहि शेवंतीच्याच कुळांतली. आणि गंमत अशी कीं, आजहि कुठाच्या नांवाखालीं विकलें जाणारें जें दुसरें मूळ पकडलें जातें, तें पुष्करमूळ, त्या हेलेनिओनच्या सख्ख्या बहिणीचें आहे. दोन हजार वर्षांत राज्यें उलथीं झालीं, परंतु भेसळ करणाऱ्यानें आपलें घराणें सोडलें नाहीं! भावप्रकाशकारानें पुष्करमूळ न मिळाल्यास कुष्ठ घ्यावा अशी प्रतिनिधि-द्रव्याची सोय लिहून ठेवली आहे. व्यापाऱ्यांनीं ती फक्त उलटी करून घेतली.

अन्य धर्मांच्या परंपरांतहि हें मूळ शिरलें. जेरुसलेमच्या मंदिरांत जळणाऱ्या धूपाचीं अकरा द्रव्यें तालमूदमध्यें वजनासह सांगितलीं आहेत. त्यांत कोश्त बारा मणें येतो. मणें हें तिकडील एक लहान वजन. आपला मण नव्हे. अरबी भाषेंत तो कुस्त झाला, आणि हिंदी ऊद किंवा हिंदी कुस्त वापरावा, लहान मुलांच्या घशाच्या विकारावर त्याचा उपयोग करावा, असें महंमद पैगंबरांचें वचन हदीस-संग्रहांत आहे. त्यामुळें मुसलमानी जगांत कुठाची मागणी कधींच खंडली नाहीं. चिनी लोकांनीं त्याला मूशियांग म्हणजे लाकडी सुगंध असें नांव दिलें, आणि तो कँटनच्या वाटेनें, म्हणजे ग्वांगदुंग प्रांतांतून, येई म्हणून ग्वांग मूशियांग हें नांव रूढ झालें. पुन्हा तेंच: बंदर हेंच त्याचें माहेर समजलें गेलें.

या साऱ्या घोटाळ्यांत ज्यानें प्रथम नीट चौकशी केली तो गोव्यांत राहणारा होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्यें गोव्यास आला आणि मरेपर्यंत इकडेच राहिला. पुढें मुंबई बेट त्याच्याकडे खंडानें होतें, हें मुंबईकरांना ठाऊक असेलच. त्याचा हिंदुस्थानांतील औषधींविषयींचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. त्यांतील सतरावा संवाद कुठाविषयीं आहे. ओर्तानें सरळ सांगितलें कीं, कुठाचे तीन प्रकार वगैरे सर्व कल्पना आहे, कूठ एकच. अरबस्तान-सीरियाचा म्हणून युरोपांत जो ओळखला जातो तो इकडूनच तिकडे जातो, हें त्यानें प्रत्यक्ष नेणाऱ्या व्यापाऱ्यांना विचारून ठरविलें. नांवेंहि त्यानें नोंदलीं: अरबी कुस्त, गुजराथी उपलोट, मलायी पुचो. आपल्या आजच्या दुकानांतलें उपलेट चारशें साठांहून अधिक वर्षांपूर्वीं गोव्याच्या छापखान्यांत छापलें गेलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याच संवादांत तो पटकीच्या रोगाकडे वळतो आणि या देशांत त्या रोगाला मोर्शी म्हणतात असें लिहितो. हा आपला मोडशी शब्द. कुठाच्या शोधाला निघालेल्या वाचकाला मध्येंच आपला घरगुती शब्द असा परक्या लिपींत भेटतो, तेव्हां मौज वाटते.

परंतु ओर्ताची चौकशीहि एका जागीं येऊन थांबली. हा माल कोठून येतो? मांडू आणि चितोड यांच्या बाजूनें, गाड्यांवर लादून अहमदाबादेस व तेथून खंबायतेस, असें त्याला कळलें. तें खोटें नव्हतें. त्या वाटेनें माल येतहि असेल. पण ती वाट पुढें आणखी कोठपर्यंत जाते हें त्याला कोणीं सांगितलें नाहीं. रोमनांची समजूत सिंधूच्या मुखाशीं थांबली, ओर्ताची माळव्याशीं. प्रत्येक पिढी मुळाचा माग काढीत एक मुक्काम मागें जात होती, आणि फूल अजून पुष्कळ मुक्काम दूर होतें.

मध्यंतरीं युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनीं एक निराळाच घोळ करून ठेवला. लिनियसनें १७५३ मध्यें कोस्टस हें प्राचीन नांव आल्याच्या गोतांतील एका प्रजातीला देऊन टाकलें. त्या प्रजातींत पुढें घातली गेलेली एक वनस्पति आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत वाटेच्या कडेला पांढऱ्या फुलांनीं डंवरून उभी असते. तिला आपण पेव म्हणतों. पेव दिसावयास सुंदर आहे, परंतु अथर्ववेदांतल्या कुष्ठाशीं तिचा कसलाहि संबंध नाहीं. प्लिनीच्या कोस्टसचा अर्थ शोधूं जाणारा मनुष्य आजहि चुकून तिच्यापाशीं येऊन ठेपतो.

खरें झाड शास्त्राच्या दृष्टीस पडलें तें एकोणिसाव्या शतकांत. व्हिक्तोर झाकमों हा तरुण फ्रेंच प्रवासी १८३१ मध्यें काश्मीरांत गेला होता. तेथून परततांना डिसेंबर १८३२ मध्यें तो मुंबईस वारला, तेव्हां त्याचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें. सोनापुरांत त्याला पुरलें होतें. पुढें १८८१ मध्यें त्याच्या अस्थि फ्रान्सला नेल्या. त्याच्या संग्रहांतील वनस्पतींचें वर्णन पॅरिसमध्यें डकेन यानें प्रसिद्ध केलें, त्यांत कुठाचेंहि वर्णन व चित्र आहे. परंतु ज्या मुळासाठीं इतकीं शतकें घासाघीस चालली तें याच झाडाचें, हें कोडें उलगडण्याचें श्रेय ह्यू फाल्कनर या स्कॉटिश डॉक्टराकडे जातें.

फाल्कनर सहारणपूरच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचा अधिकारी होता. शिवालिक टेंकड्यांत सांपडलेल्या प्राण्यांच्या अश्मास्थींमुळें त्याचें नांव अधिक प्रसिद्ध आहे. १८३७-३८ मध्यें तो काश्मीरांत गेला आणि डोंगरउतारांवर लोक मुळें खणून काढीत आहेत तें त्यानें स्वतः पाहिलें. त्याचें तर्कट मोठें व्यवस्थित आहे. प्राचीनांनीं दिलेलें वर्णन या मुळाशीं जुळतें; स्थानिक लोक याला कूठ म्हणतात; अरबी कुस्त म्हणून हकीम हेंच वापरतात; आणि ओर्ताच्या वेळीं पुचो या नांवानें जो माल चीनकडे जात होता, तोच अजून तिकडे जात असून त्याचा तेथें धूप होतो. १८४० च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें त्यानें हा निर्णय मांडला. रोमन साम्राज्याचें कोस्टस अखेर आपल्या पानाफुलांसकट विद्वानांपुढें उभें राहिलें. नव्या वनस्पतीला नांव मात्र त्यानें गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंडचें दिलें. ज्या गृहस्थानें काबूलवर सैन्य धाडून त्याचा १८४२ मध्यें सर्वनाश ओढवून घेतला, त्याचें नांव या निरपराध फुलाला चिकटवावें हें कांहीं मला रुचत नाहीं. आणि सुदैवानें तें टिकलेंहि नाहीं. पुढें ही वनस्पति सोसूरिया या प्रजातींत गेली. १७८७ मध्यें माँ ब्लाँ शिखर चढणारा जिनीव्हाचा सोस्यूर आणि त्याचा रसायनशास्त्रज्ञ पुत्र यांच्या स्मरणार्थ हें प्रजातिनाम ठेवलेलें आहे, आणि आपलें ब्रह्मकमळहि त्याच प्रजातींतलें. १९६४ मध्यें लिप्शित्स या रशियन शास्त्रज्ञानें फाल्कनरचा कोस्टस हा शब्द पुन्हा त्याच्या जागीं बसविला. अलीकडे कांहीं शास्त्रज्ञ कुठाला आणखी वेगळ्याच प्रजातींत घालूं लागले आहेत. पण कोस्टस हा शब्द त्यांनींहि ठेवला आहे.

फाल्कनरनें लिहून ठेवलेल्या दोनचार गोष्टी त्याच्या शास्त्रीय निर्णयापेक्षांहि मला अधिक विचार करावयास लावतात. तो सांगतो कीं, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, झाड सुप्त होऊं लागलें म्हणजे, मुळें खणतात, दोन ते सहा इंचांचे तुकडे करतात, आणि दुसरा कांहींहि संस्कार न करतां बाहेर पाठवितात. वर्षाला सुमारें २०,००,००० पौंड, म्हणजे जवळजवळ ९०० टन माल निघत असावा, असा त्याचा अंदाज होता. बैलांवर लादून तो पंजाबांत उतरे, त्यांतला मोठा भाग मुंबईस येऊन तेथून तांबडा समुद्र, इराणचें आखात आणि चीन यांकडे जहाजांतून जाई, उरलेला कलकत्त्यास. खणून काश्मीरच्या कोठारापर्यंत पोंचविण्याचा खर्च हंड्रेडवेटला अडीच शिलिंगांहून कमी होता. कँटनला पोंचेपर्यंत त्याच मालाची किंमत कितीतरी पटींनीं चढे. मधली रक्कम मुनीम, दलाल, जकातदार आणि जहाजवाले यांची. बर्फाच्या तोंडाशीं वांकून जमीन खणणाऱ्याच्या वांट्याला त्या अडीच शिलिंगांतलेच कांहीं पैसे.

काश्मीरांतल्या काश्मीरांत कुठाचा एक निराळा उपयोग होता. शालवाले व्यापारी कसर लागूं नये म्हणून शालींच्या घड्यांत हीं मुळें ठेवीत. चीनमध्यें देवापुढच्या उदबत्त्यांसाठीं तो जाई, आणि गिऱ्हाईक म्हणून चीन सर्वांत मोठा होता. इतकें उत्पन्न देणारी वस्तु दरबारच्या नजरेंतून सुटणें शक्यच नव्हतें. काश्मीर दरबारानें कूठ हा सरकारी मक्त्याचा माल केला. १९२१ मध्यें, संवत् १९७८ मध्यें, त्यासाठीं एक स्वतंत्र कूठ-कायदाच झाला. एका रानफुलाच्या मुळासाठीं स्वतंत्र कायदा व्हावा, यावरून तिजोरींत त्याचा केवढा भरणा होत होता तें समजावें. या कायद्याचा रोख चोरट्या व्यापारावर होता, आणि मूळ खणल्यावर मागें काय उरतें हा प्रश्न त्याच्या पोटीं दुय्यमच होता.

मागें काय उरत होतें? फळें-फुलें तोडलीं तर झाड पुन्हा धरतें. साल काढली तरी जगण्याची आशा असते. कुठाचें मूळ काढलें कीं सर्वच संपलें. बीं पासून नवें झाड यावें, तर त्याला फुलावर येण्याइतकें जून होण्यास वर्षें लागतात, आणि भावाच्या ओढीनें खणणारा तोंवर थांबत नाहीं. ज्या गिऱ्हाइकाला मूळ हेंच सर्वस्व वाटतें त्याला झाड विझल्याचें दुःख कसें व्हावें? त्याला तें झाड होतें हेंच ठाऊक नसतें.

याच सुमारास एक चांगली गोष्टहि घडली. १९२० नंतरच्या दशकांत कुठाचें बीं काश्मीरांतून लाहूलच्या खोऱ्यांत गेलें आणि तेथील शेतकऱ्यांनीं त्याची लागवड सुरू केली. उंच, कोरडें, बर्फाळ असें तें खोरें. पोटापुरतें धान्य पिकविणेंहि जेथें कष्टाचें, तेथें कुठाच्या पैशानें घरें सुधारलीं, मुलें शिकलीं. फुलाला ओळखणाऱ्या माणसाच्या हातीं मुळाचें मोल प्रथमच बरें पडलें, तें येथें. परंतु हा सुकाळ चीनच्या देवळांतल्या धुरावर उभा होता. १९४९ ची चीनमधील राज्यक्रांति आणि पुढें १९६२ चें युद्ध यांनीं तो व्यापार कोलमडला, आणि लाहूलच्या शेतांत हळूहळू बटाट्यानें कुठाची जागा घेतली. चीननें मधल्या काळांत आपली सोय पाहिलीच होती: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युनान प्रांतांत कुठाची लागवड झाली आणि ग्वांग मूशियांगऐवजीं युन मूशियांग बाजारांत आला. या नांवांत मात्र एकदांचें बंदर जाऊन माल खरोखर पिकला त्या मुलखाचें नांव आलें.

रानांतल्या कुठाची दशा तोंवर बिकट झाली होती. वन्य जीव-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयींचा जो साइट्स नांवाचा करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत कूठ १९७५ मध्येंच घालावा लागला, आणि १९८५ मध्यें तो पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघ-गेंड्यांच्या पंक्तीला, जाऊन बसला. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ च्या दुरुस्तीनें प्रथमच वनस्पति आल्या, त्या केवळ सहा. आणि त्या सहांत कूठ आहे. रानांतून तो उपटणें आतां गुन्हा आहे, आणि त्याच्या लागवडीलाहि परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली आहे. सुगंधाच्या व्यापारांतलें त्याचें राज्यहि गेलें: कुठाच्या तेलानें पुष्कळांच्या त्वचेला दाह होतो असें आढळल्यामुळें अत्तरांत तें वापरण्यास जागतिक अत्तर-व्यवसायाच्या संघटनेनेंच मनाई केली. प्लिनीनें ज्याची एवढी वाखाणणी केली त्या सुगंधाची जागा पाश्चात्य अत्तरांत आतां रसायनशाळेंत जुळविलेल्या द्रव्यांनीं घेतली आहे. काश्मीरच्या उतारांना हा निर्णय लाभदायकच, तो झाला मात्र त्वचेच्या काळजीनें.

औषधासाठीं मागणी अर्थात् चालूच आहे. कायद्याच्या चौकटींतला जो माल आज दुकानांत येतो तो लागवडीचा. लाहूलकडे अजूनहि कांहीं शेतकरी कूठ लावतात. मूळ हवें तेव्हां झाड दोन-तीन वर्षांचें होतांच खणून घेतात. परंतु पुढच्या पेरणीसाठीं बीं लागतेंच, म्हणून कांहीं झाडें मुद्दाम न खणतां राखावीं लागतात. त्या राखलेल्या झाडांवर, बर्फ वितळून दीडदोन महिने झाले म्हणजे, माणसाच्या उंचीवर तीं काळपट जांभळीं बोंडें उमलतात आणि भुंगे त्यांवर घोंघावूं लागतात.